चंडीगढची खुर्ची

चंडीगढची खुर्ची : फाळणीनंतर पंजाबसाठी उभारण्यात आलेल्या चंडीगढ या नव्या राजधानीतील शासकीय कार्यालये, शिक्षणसंस्था व निवासस्थाने यांकरिता १९५० नंतरच्या दशकात तयार करण्यात आलेली सागवानी चौकटीची, वेताने विणलेली, हातांची खुर्ची. स्विस वास्तुशिल्पज्ञ प्येअर झान्रे (२२ मार्च १८९६–४ डिसेंबर १९६७) हा तिचा अभिकल्पकार म्हणून ओळखला जातो. प्रत्यक्षात ती एकच एक खुर्ची नसून एका तत्त्वावर बेतलेल्या अनेक खुर्च्यांचे कुल आहे. कचेरीतील खुर्ची, सभागृहातील खुर्ची, दिवाणखान्यातील ठेंगणी आरामखुर्ची, वाचनालयातील बिनहाती खुर्ची, असे तिचे प्रकार आढळतात. त्यांपैकी उलट्या ‘व्ही’ अक्षराच्या आकाराचे पाय असलेली कचेरीतील हातांची खुर्ची सर्वांत प्रसिद्ध असून सामान्यतः ‘चंडीगढची खुर्ची’ म्हटले म्हणजे तीच अभिप्रेत असते. विसाव्या शतकातील फर्निचरच्या इतिहासात तिच्याइतका विलक्षण भाग्यविपर्यय क्वचितच एखाद्या वस्तूच्या वाट्याला आला असेल. शासकीय वापरासाठी बनलेली ही वस्तू प्रथम निरुपयोगी ठरून भंगारात निघाली आणि नंतर पॅरिस, लंडन व न्यूयॉर्क येथील लिलावगृहांत दुर्मिळ कलावस्तू म्हणून पोहोचली. या प्रवासात तिच्या गुणांचे मूल्यमापन मात्र बहुधा बाजूलाच राहिले.

झान्रेचा जन्म जिनीव्हा येथे झाला. तेथील कलाविद्यालयात वास्तुकलेचे शिक्षण घेतल्यानंतर तो पॅरिसला गेला व काही काळ पेरे बंधूंच्या कार्यालयात त्याने काम केले. १९२२ पासून त्याने आपला चुलतभाऊ शार्ल-एद्वार झान्रे याच्याबरोबर भागीदारीत व्यवसाय सुरू केला. या चुलतभावाने त्यापूर्वीच ल कॉर्ब्यूझ्ये हे नाव धारण केले होते. झान्रे हे आडनाव त्याने जवळजवळ टाकून दिले, ते मागे राहिलेल्या प्येअरकडे आले आणि कीर्ती मात्र नव्या नावाकडे गेली, असे या भागीदारीचे वर्णन थोडे कठोरपणे पण चुकीचे न ठरता करता येईल. नव्या वास्तुकलेची ‘पाच सूत्रे’ या दोघांनी मिळून मांडली. पॅरिसजवळच्या प्वासी येथील व्हिला साव्ह्वा (१९२८–३१) या वास्तूवरही दोघांचा हक्क आहे. १९२७ मध्ये शार्लोत पेरियां ही तरुण अभिकल्पकार त्यांना येऊन मिळाली. पोलादी नळ्यांच्या चौकटीत चामड्याच्या गाद्या बसविलेल्या ज्या खुर्च्या तिघांनी १९२९ च्या पॅरिस येथील शरद-प्रदर्शनात मांडल्या, त्या पुढे जगभर ल कॉर्ब्यूझ्येच्याच नावाने प्रसिद्धी पावल्या. पेरियांच्या व झान्रेच्या वाट्याला त्यांचे श्रेय येण्यास अनेक दशके जावी लागली. ही गोष्ट येथे मुद्दाम नमूद करावयाची, कारण चंडीगढच्या खुर्चीच्या बाबतीत श्रेयाचा हाच खेळ उलट्या दिशेने पुन्हा खेळला गेला.

१९४० मध्ये ही भागीदारी संपली. जर्मनव्याप्त फ्रान्समध्ये ल कॉर्ब्यूझ्येने व्हीशी राजवटीकडून कामे मिळविण्याचा प्रयत्न चालविला, तर झान्रे ग्रनॉब्ल येथे जाऊन प्रतिकार-चळवळीत सामील झाला. या काळात झां प्रूव्हे या धातुकारागिराशी त्याचा आलेला संबंध फर्निचरच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. खुर्चीच्या ज्या भागावर भार अधिक पडतो तो भाग जाड व जेथे कमी पडतो तो बारीक असावा, म्हणजे बलाचे गणित डोळ्यांना दिसावे, हे प्रूव्हेच्या खुर्च्यांचे सूत्र होते. झान्रेने ते लाकडात उतरविले. अमेरिकेतील नॉल या कंपनीसाठी त्याने १९४८ च्या सुमारास केलेल्या लाकडी खुर्चीत कात्रीसारखे एकमेकांना छेदणारे पाय आढळतात. चंडीगढच्या पायांची ही पूर्वतयारी म्हणता येईल.

लाहोर पाकिस्तानात गेल्यामुळे पूर्व पंजाबला राजधानी उरली नव्हती. नव्या नगराचा पहिला आराखडा ॲल्बर्ट मेयर व मॅथ्यू नोव्हिट्‌स्की यांनी केला होता. तथापि १९५० मध्ये नोव्हिट्‌स्कीचा विमान-अपघातात मृत्यू झाला आणि पंजाब सरकारचे प्रशासक पी. एन्. थापर व मुख्य अभियंता पी. एल्. वर्मा हे नव्या वास्तुशिल्पज्ञाच्या शोधात यूरोपात गेले. ल कॉर्ब्यूझ्येने वर्षातून दोनदा, प्रत्येक वेळी सुमारे एक महिना, चंडीगढला येण्याचे कबूल केले. मॅक्सवेल फ्राय व जेन ड्रू या इंग्रज दांपत्याने तीन वर्षांचा करार केला. कायमचे तेथे राहून काम पाहण्याची जबाबदारी झान्रेने पत्करली. १९५१ मध्ये तो आला तेव्हा जवळजवळ पंचावन्न वर्षांचा होता. तीन वर्षांऐवजी तो चौदा वर्षे राहिला. फ्राय व ड्रू परत गेल्यावर तो मुख्य वास्तुशिल्पज्ञ झाला. विद्यापीठाच्या परिसरातील गांधी भवन, शाळा, वसतिगृहे, शासकीय नोकरांची असंख्य घरे हे त्याचे काम होय. सुखना तलावासाठी त्याने पायांनी चालवावयाच्या नावाही तयार केल्या. ल कॉर्ब्यूझ्येच्या प्रचंड काँक्रीट इमारतींमुळे नगराला जगाच्या नकाशावर स्थान मिळाले. त्या नगरात माणसे ज्यांत राहतात व ज्यांवर बसतात, त्या वस्तूंचा बराचसा भाग झान्रेच्या हाताखालून गेला.

नव्या राजधानीला फर्निचर हवे होते आणि ते हजारोंच्या संख्येने हवे होते. सचिवालय, उच्च न्यायालय, विधानसभा, विद्यापीठ, महाविद्यालये, ग्रंथालये, रुग्णालये या सर्वांची एकाच वेळी सोय करावयाची होती. पोलादी नळ्या वाकविणारे कारखाने हाताशी नव्हते व परकीय चलनाची टंचाई होती. सागवान, वेत आणि सुतार मात्र उपलब्ध होते. झान्रेच्या अभिकल्पाचे वैशिष्ट्य असे, की त्याने या परिस्थितीविषयी तक्रार केली नाही आणि तिच्यातून ‘भारतीयत्व’ नावाची शोभाही काढली नाही. खुर्चीवर कोठेही कोरीव कमळ नाही, हत्ती नाही, कमान नाही. तिच्यात जे भारतीय आहे ते लाकडात, विणीत व कारागिराच्या हत्यारात आहे.

तिची घडण अशी : दोन्ही बाजूंना दोन दोन जाड फळ्या एकमेकींकडे झुकवून वर जोडलेल्या असतात. त्यामुळे बाजूने पाहता गणिताच्या पेटीतील उघडलेल्या कर्कटकाची आकृती दिसते. पाय जमिनीकडे निमुळते होत जातात व बैठकीच्या पातळीवर रुंद असतात. मध्ये एक आडवी पट्टी दोन्ही पायांना जोडते. या तीन लाकडांनी त्रिकोण सिद्ध होतो आणि त्रिकोण ही अशी आकृती आहे की सांधे थोडे सैल झाले तरी ती चौकोनाप्रमाणे कलत नाही. आडव्या पट्ट्यांवर बैठकीची चौकट टेकलेली असते. त्रिकोणाच्या शिखरावर खुर्चीचा हात येतो. हा हात सपाट व बिनसजावटीचा असून त्याच्या मागच्या टोकाशी पाठीची चौकट किंचित मागे झुकवून बसविलेली असते. एका प्रकारात पाठ व बैठक यांमध्ये मोकळी जागा सोडलेली असल्याने पाठ हवेत तरंगल्यासारखी दिसते. बैठक व पाठ या दोन्हींवर वेताची जाळीदार वीण असते. उत्तर हिंदुस्थानच्या उन्हाळ्यात घामाने ओलावलेल्या पाठीला वारा लागावा, ही त्यामागील साधी सोय होय. महाराष्ट्रातील जुन्या वाड्यांच्या व बंगल्यांच्या ओसरीवर असलेल्या वेताच्या लांब हातांच्या आरामखुर्च्यांची वीण याच जातीची असल्याने मराठी वाचकाला ती अपरिचित वाटू नये.

या रचनेतील खरा शोध पायात आहे. तोच पाय लहानमोठा करून, फिरवून वा दुप्पट करून टेबलाला, बाकाला व लिहिण्याच्या मेजाला लावण्यात आला. सुताराला एकदा कोन समजला की त्याने पुन्हा पुन्हा तोच कोन कापावयाचा. यंत्राने करावयाच्या प्रमाणित उत्पादनाचे तत्त्व येथे हाताने काम करणाऱ्या कारखान्यांना लावलेले दिसते. १९२९ च्या पोलादी खुर्च्यांशी तुलना केल्यास हा फरक अधिक स्पष्ट होतो. त्या खुर्च्या यंत्रयुगाची घोषणा करीत होत्या, परंतु त्या बनविण्यास अवघड व विकत घेण्यास महाग होत्या. सर्वसामान्यांच्या घरात त्या कधीच पोहोचल्या नाहीत. चंडीगढच्या खुर्चीने कसलीही घोषणा केली नाही, पण ती हजारोंच्या संख्येने बनली आणि कारकून, शिक्षक, वकील, विद्यार्थी तिच्यावर बसले. आधुनिक चळवळीने वीस-पंचवीस वर्षे जे वचन दिले होते ते तिच्या सर्वांत गाजलेल्या वस्तूंनी पाळले नाही, या साध्या सागवानी खुर्चीने पाळले. झान्रेच्या कर्तृत्वाचे यापेक्षा मोठे गमक शोधण्याची गरज नाही.

याचा अर्थ खुर्ची निर्दोष आहे असा नव्हे. जाड सागवानामुळे ती जड आहे. टेबलापासून मागे सरकवून उठणे हे दिवसातून अनेकदा करावे लागणाऱ्या माणसाला तिचे वजन जाणवते. झुकलेली पाठ ऐकणाऱ्याला व बोलणाऱ्याला सोयीची असली, तरी वाकून लिहिणाऱ्याला तिचा आधार पुरेसा मिळत नाही. कचेरीसाठी केलेल्या खुर्चीच्या बाबतीत हा आक्षेप लहान नाही. वेताची वीण काही वर्षांनी सैल होते, मग तुटते, आणि ती नव्याने घालणारा कारागीर मिळाला नाही तर उत्तम सागवानी चौकट असूनही खुर्ची निकामी ठरते. तिच्या पुढील दुर्दशेचे बीज काही अंशी या विणीत होते. खुर्चीने कारागिराची सोबत गृहीत धरली होती. नवे फर्निचर विकत घेणे जेथे जुने दुरुस्त करण्यापेक्षा सोपे असते, अशा कार्यालयीन व्यवहारात ती सोबत टिकणे कठीण होते.

दुसरा आक्षेप सामाजिक स्वरूपाचा आहे. चंडीगढमधील शासकीय घरांची विभागणी नोकरांच्या वेतनश्रेणीनुसार सुमारे तेरा वर्गांत केलेली होती आणि प्रत्येक घरप्रकाराच्या क्रमांकापुढे ते घर आखणाऱ्या वास्तुशिल्पज्ञाच्या नावाचे आद्याक्षर लावीत. फर्निचरही या उतरंडीतून सुटले नाही. उच्च न्यायालयात व वरिष्ठांच्या दालनांत चामड्याने मढविलेल्या, उंच पाठीच्या, भरदार खुर्च्या आल्या, तर खालच्या पायऱ्यांवर वेत राहिला. समतेच्या नगराची भाषा बोलणाऱ्या या योजनेत माणसाचा हुद्दा तो कशावर बसतो यावरून ओळखता येत असे. तथापि एक गोष्ट झान्रेच्या बाजूने सांगितली पाहिजे. चामड्याच्या खुर्च्यांना भारदस्तपणा आहे, पण वेताच्या खुर्च्यांचा डौल त्यांना नाही. त्याचे उत्तम काम उतरंडीच्या वरच्या टोकाला नाही, मधल्या व खालच्या पायऱ्यांवर आहे.

‘झान्रेची खुर्ची’ हे नाव कितपत खरे, हा प्रश्न टाळता येत नाही. चंडीगढच्या कार्यालयात भारतीय वास्तुशिल्पज्ञांचा मोठा संघ होता. एम्. एन्. शर्मा, ए. आर्. प्रभावळकर, जे. एस्. देठे, बी. पी. माथुर, आदित्य प्रकाश, जीतलाल मल्होत्रा, ऊर्मिला यूली चौधरी ही त्यांतील काही नावे होत. प्रभावळकर व देठे ही मराठी आडनावे या संघात आढळतात, याची दखल मराठी ग्रंथांत फारशी घेतली गेलेली नाही. यूली चौधरी (१९२३–९५) यांनी सिडनी येथे वास्तुकलेचे शिक्षण घेतले होते. फर्निचरच्या कामात त्यांचा प्रत्यक्ष सहभाग होता आणि काही वस्तूंच्या अभिकल्पावर त्यांचा हक्क अभ्यासक मान्य करतात. चौधरी पुढे हरयाणा, चंडीगढ व पंजाब या तिन्ही ठिकाणी मुख्य वास्तुशिल्पज्ञ झाल्या. फर्निचर निरनिराळ्या कार्यशाळांतून वेगवेगळ्या वर्षी बनवून घेण्यात आले. त्यामुळे एकाच प्रकारच्या दोन खुर्च्यांत मापांचा, पायांच्या जाडीचा व कोनाचा फरक पडतो. हा फरक ज्यांनी घडविला त्या सुतारांची व वेत विणणाऱ्यांची नावे बहुतांशी अज्ञातच राहिली. यांपैकी कोणत्याही खुर्चीवर झान्रेची सही नाही. सामूहिक कामातून निघालेली शासकीय वस्तू हेच तिचे खरे स्वरूप होते. पुढे जेव्हा बाजाराला एका नावाची गरज भासली, तेव्हा आयुष्यभर दुसऱ्याच्या नावाखाली झाकल्या गेलेल्या या मितभाषी माणसाचे नाव पुढे करण्यात आले आणि या वेळी त्याच्या नावाखाली इतर झाकले गेले. झान्रेला हा प्रकार रुचला असता असे त्याच्या चरित्रावरून वाटत नाही.

प्रकृती ढासळल्यामुळे १९६५ मध्ये झान्रेने चंडीगढ सोडले. दोन वर्षांनी जिनीव्हा येथे त्याचा मृत्यू झाला व त्याच्या इच्छेनुसार त्याची रक्षा सुखना तलावात विसर्जित करण्यात आली. १९६६ मध्ये पंजाबचे विभाजन झाले आणि चंडीगढ हे केंद्रशासित प्रदेश होऊन पंजाब व हरयाणा या दोन राज्यांची संयुक्त राजधानी बनले. पुढील तीन दशकांत तुटलेल्या, वीण गेलेल्या खुर्च्या गच्च्यांवर, जिन्यांखाली व गोदामांत रचल्या गेल्या. शासकीय नियमांप्रमाणे अशा वस्तूंचे निर्लेखन होते, म्हणजे त्या नोंदवहीतून कमी करून लिलावात काढल्या जातात. त्याप्रमाणे त्या निघाल्या व लाकडाच्या भावाने विकल्या गेल्या. १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीस पॅरिसमधील काही फर्निचर-व्यापारी चंडीगढला येऊ लागले. त्यांनी या लिलावांत मोठ्या प्रमाणावर खरेदी केली, माल जहाजाने यूरोपात नेला, डागडुजी करून प्रदर्शने भरविली आणि सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केले. पाहता पाहता एकेक खुर्ची हजारो डॉलरना विकली जाऊ लागली. नगराचा आराखडा ओतीव लोखंडात उमटविलेली गटारांची झाकणेही लिलावगृहांपर्यंत पोहोचली. झाकण गेल्यावर मागे उघडे राहिलेले गटार हा या कलाव्यापाराचा कमी चर्चिला गेलेला भाग होय.

या व्यापाऱ्यांवर भारतीय वृत्तपत्रांतून लुटीचा आरोप झाला. तो पूर्णपणे टिकणारा नाही. माल चोरलेला नव्हता. शासनाने स्वतः, स्वतःच्या नियमांनी, तो विकला होता. जगाने या वस्तूंची दखल घेतली, त्यात या व्यापाऱ्यांच्या परिश्रमाचा व चोखंदळपणाचाही भाग आहे. परंतु त्यांचे समर्थनही तेवढ्यावर संपत नाही. विकणाऱ्याला वस्तूचे मोल ठाऊक नाही व घेणाऱ्याला ते पक्के ठाऊक आहे, अशा व्यवहाराला कायदेशीर म्हणता आले तरी न्याय्य म्हणणे अवघड जाते. भारतातील कायद्यानेही येथे फारसे साहाय्य केले नाही. पुरावशेष व कलानिधी अधिनियम, १९७२ अन्वये पुरावशेष ठरण्यास वस्तू किमान शंभर वर्षांची असावी लागते (हस्तलिखितांसाठी ही मर्यादा पंचाहत्तर वर्षांची आहे). चंडीगढची खुर्ची या व्याख्येत बसण्यास विसाव्या शतकातील पन्नासाचे दशक एकविसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जावे लागेल. त्याच अधिनियमात शंभर वर्षांपेक्षा कमी वयाच्या कलाकृतीला, तिचा कर्ता हयात नसल्यास, केंद्र शासनाने कलानिधी म्हणून घोषित करण्याची तरतूद आहे. तथापि ती तरतूद निवडक चित्रकारांच्या कृतींसारख्या बाबी डोळ्यांपुढे ठेवून केलेली आहे. हजारोंच्या संख्येने बनलेल्या, कर्तृत्व विभागलेल्या कचेरीच्या खुर्चीला ती सहजी लागू पडत नाही. २०११ मध्ये गृहमंत्रालयाने चंडीगढमधील वारसा-फर्निचरची विक्री व निर्यात रोखण्याचा आदेश काढला. त्यानंतर झालेल्या मोजणीत अशा बारा हजारांहून अधिक वस्तू नगरात शिल्लक असल्याचे आढळले. लिलावगृहांतील विक्री मात्र थांबली नाही, कारण आदेशापूर्वी देशाबाहेर गेलेला माल त्याच्या कक्षेत येत नव्हता.

बाजाराने खुर्चीचे काय केले, हे अमेरिकन कलावती एमी सीगल हिच्या ‘प्रॉव्हेनन्स’ (२०१३) या चित्रपटात दिसते. निवेदनाचा एकही शब्द न वापरता तो उलट्या क्रमाने मागे जातो : धनिकांची घरे, लिलावगृह, दुरुस्तीची कार्यशाळा, जहाज आणि सरतेशेवटी चंडीगढ. त्याच वर्षी लंडन येथे या चित्रपटाचाही लिलाव करविण्यात आला. त्याला मिळालेली दाद कळण्यासारखी आहे, कारण या विषयावरील भल्यामोठ्या ग्रंथांपेक्षा तो अधिक सांगतो. दुरुस्तीच्या कार्यशाळेत खुर्चीचे जुने लाकूड घासून काढले जाते, चकाकी दिली जाते व नवा वेत विणला जातो. तीस-चाळीस वर्षांच्या तळव्यांनी हातांवर आणलेला काळसरपणा नाहीसा होतो. एक गोष्ट मात्र काळजीपूर्वक राखली जाते. ती म्हणजे चौकटीवर रंगाने उमटविलेली कार्यालयाची आद्याक्षरे व नोंदवहीतील क्रमांक. कोण्या भांडारपालाने हिशेबासाठी ओढलेली ही अक्षरे आता अस्सलपणाचा पुरावा ठरली आहेत. ज्या वस्तूवर कर्त्याची सही नाही तिला सरकारी कारकुनाची सही पुरते, आणि साहजिकच बनावट खुर्च्यांवरही तीच अक्षरे रंगविली जाऊ लागली.

नकलांचा प्रश्न वाटतो तितका सरळ नाही. चित्राच्या बाबतीत मूळ कृती एक असते व बाकीच्या नकला ठरतात. या खुर्चीचे मूळ म्हणजे एक आराखडा व एक पाय होय. ज्या आराखड्यावरून १९५६ मध्ये एका सुताराने खुर्ची केली, त्यावरूनच आज दुसऱ्याने केली, तर तिला खोटी कोणत्या अर्थाने म्हणावयाचे ? जुनी म्हणून विकली तर ती निःसंशय खोटी होय. नवी म्हणून विकली तर ती त्या अभिकल्पाच्या मूळ हेतूशी अधिक प्रामाणिक ठरते, कारण पुन्हा पुन्हा करता यावी म्हणूनच ती आखलेली होती. इटलीतील कासीना या कंपनीने अलीकडे झान्रेच्या नावाने या खुर्च्यांची मालिका बाजारात आणली आहे. भारतातही सुतारांकडून त्या पुन्हा बनवून घेण्याचे प्रयत्न झाले असून त्यांतील काहींत लाकूडकामाची व वेतकामाची प्रत चांगली आहे. मात्र या सर्वांच्या किंमती शाळा वा कचेऱ्या यांच्या आवाक्यातल्या नाहीत. १९२९ च्या पोलादी खुर्च्यांची जी गत झाली तिच्याकडे ही खुर्चीही उशिराने का होईना वळली आहे, आणि समीक्षकांनी तिच्या गौरवात भर घालताना या वळणाकडे पुरेसे लक्ष दिलेले नाही. तिच्यावर लिहिणाऱ्या बहुतेकांनी ती पांढऱ्या भिंतीपुढे, रिकामी, एकटी ठेवलेली पाहिली आहे. ओळीने मांडलेल्या, माणसे बसलेल्या खुर्च्यांत त्रिकोणी पायांची जी लय तयार होते आणि लांबलचक काँक्रीटच्या दालनाला जे माणसाच्या उंचीचे माप मिळते, ते एकट्या खुर्चीत दिसत नाही. तिचे सौंदर्य बहुवचनी आहे.

जतनाच्या प्रयत्नांनी याच अंगाने एक पेच निर्माण केला आहे. वारसा म्हणून नोंद झालेली खुर्ची वापरावयाची की कुलूपबंद ठेवावयाची ? वापरली तर झिजते व तिचा वेत पुन्हा घालावा लागतो, ठेवली तर ती टिकते, पण मग ती चंडीगढमध्ये असली काय आणि एखाद्या परदेशी संग्राहकाच्या दिवाणखान्यात असली काय, तिच्या स्वरूपात फारसा फरक उरत नाही. वापरात ठेवून नियमित दुरुस्ती करणे हा मार्ग खर्चाच्या दृष्टीने अवघड नाही. त्यासाठी वेतकाम जाणणारे कारागीर पदरी ठेवावे लागतील, म्हणजे १९५० नंतरच्या दशकात झान्रेने जी गोष्ट गृहीत धरली होती तीच आज योजनापूर्वक करावी लागेल.

झान्रे १९५४ ते १९६५ या काळात सेक्टर ५ मधील ५७ क्रमांकाच्या घरात राहत होता. २०१७ मध्ये त्या घराचे संग्रहालयात रूपांतर करण्यात आले. सागवानी फर्निचरखेरीज बांबू, लोखंडी सळ्या व दोर यांपासून अल्प खर्चात खुर्च्या करण्याचे प्रयोगही झान्रेने चंडीगढच्या वास्तव्यात केले होते. या वस्तू बाजाराने सागवानी खुर्च्यांइतक्या उचलून धरल्या नाहीत, तरी त्याचा शोध लाकडाच्या मोलाशी बांधलेला नव्हता हे त्यांवरून दिसते. नगरातील काही शासकीय कार्यालयांत व शिक्षणसंस्थांत ‘व्ही’ पायांच्या खुर्च्या अद्याप वापरात आहेत. काहींची बैठक वेताऐवजी प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी विणलेली आहे, काहींवर उशी बांधलेली आहे व पाठीवर क्रमांक पुन्हा रंगविलेला आहे.